अंधारमोजणी

१

माझ्या कामाचा दिवस काहीच न मोजण्यापासून सुरू होतो.

सकाळी दहाला मी तळघरातल्या खोलीत उतरते. दार लावते, दारामागचा जाड काळा पडदा ओढते, लेसर बंद आहे ना ते पाहते, डिटेक्टरच्या तोंडावरचं झाकण बसलंय ना ते बोटाने चाचपते आणि मोजायला बसते. प्रकाशाचा एक कणसुद्धा आत शिरणार नाही अशा जागी डिटेक्टर किती कण दिसले म्हणतो, तो आकडा लिहून घ्यायचा. कारण प्रत्येक डिटेक्टर थोडंफार खोटं बोलतो. किती खोटं बोलतो ते आधी माहीत असलं, की नंतरच्या खऱ्यातून तेवढं वजा करता येतं. याला आम्ही अंधारमोजणी म्हणतो. तीस वर्षं मी हेच करत आले. लग्नाआधी सासूबाईंनी विचारलं होतं, मुलगी काय करते? ह्यांनी सांगितलं, अंधारात बसून पगार घेते.

आमचं यंत्र म्हणजे एक सूक्ष्मदर्शक. साध्या सूक्ष्मदर्शकात पेशी दिसायला रंग लावावा लागतो, त्यात दिवस जातो. आमच्यात लेसरचे दोन किरण एका ठिपक्यावर आणून गाठ घालायची. त्या ठिपक्यात जे रसायन असेल ते अगदी क्षीण, लालसर उजेडाने उत्तर देतं. निरोगी पेशी एक उत्तर देते, गाठीतली पेशी दुसरं. ठिपका ठिपका करत चित्र उमटतं आणि गाठीच्या पेशी पडद्यावर पिवळ्या दिसतात. डोक्याची शस्त्रक्रिया चालू असतानाच सर्जनला सांगता येईल की कड स्वच्छ आहे की अजून काही उरलंय. पण तो उजेड इतका थोडा, की सगळं डिटेक्टरवर अवलंबून.

तीन डिटेक्टर होते. पहिली जुनी काचेची नळी, अंधारात सेकंदाला साठेक खोटे कण मोजणारी. ह्यांनी तिचं नाव पुटपुटी ठेवलं होतं. दुसरी नखाएवढी चिप, दणकट पण भारी गोंगाटी, अंधारातही हजारोंनी मोजते. तिसरा नवा, उणे तापमानात ठेवलेला, सेकंदाला जेमतेम दोन. त्याला सगळे थंडोबा म्हणत. तिघांची तुलना करायची, कुठला वर ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचा ते ठरवायचं. तीन आठवड्यांत अहवाल.

खोली आमची दोघांची. प्रकाशाची वाट ह्यांनीच बसवलेली, एकेक भिंग हाताने जुळवून. भिंतींना काळा रंगही ह्यांनीच दिला, रंगाऱ्याला चकाकी कुठे राहते ते कळत नाही म्हणून. सगळे ह्यांना मास्तर म्हणायचे. अकरा महिन्यांपूर्वी हे गेले. डोक्यातच गाठ होती. सर्जनने काढली, सगळी निघाली असं त्यांच्या डोळ्यांना दिसलं. कडेला मोहरीएवढा दाणा राहिला होता. सात महिन्यांत त्याची पुन्हा गाठ झाली.

तेव्हा हा अहवाल दुसऱ्या कुणी लिहावा असं मला वाटत नव्हतं.

२

पहिले चार दिवस काही घडलं नाही. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला पुटपुटीची अंधारमोजणी घेत होते. आकडे असे येत होते: एकसष्ट, अठ्ठावन्न, त्रेसष्ट, साठ. मग शून्य. मग पुन्हा एकोणसाठ.

मी शून्यावर पेन्सिलने गोल केला आणि पुढे गेले. थोड्या वेळाने पुन्हा शून्य.

गोंगाट वाढायला शंभर कारणं असतात. कुठेतरी फट राहते, नळी तापते, शेजारच्या खोलीत कुणी मोटर चालू करतं. पण गोंगाट थांबायला कारण नसतं. ती नळी काही बाहेरचं पाहत नसते. स्वतःच्याच उबेने पुटपुटत असते, झोपेत माणूस बडबडतो तशी. झाकण बंद असताना तिच्यासमोरून कुणी गेलं काय नि न गेलं काय, तिला फरक पडायचं काहीच कारण नाही.

आणि तरी ते शून्य पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की समोरून कुणीतरी गेलं.

मी दिवा लावला. टेबल, यंत्र, दोन खुर्च्या, पडदा. पडदा हलत नव्हता.

३

मी वीजपुरवठा बदलला. केबल बदलली. मोजणी करणारी पेटी बदलली. टेबलाखालच्या स्प्रिंगा तपासल्या. शून्यं येतच राहिली, रोज तीन ते चारच्या दरम्यान.

शेजारच्या खोलीत आमचा काप्या बसतो. तो पेशींच्या चकत्या कापतो, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या पातळ, म्हणून काप्या. चाळिशी उलटली तरी नाव सुटलं नाही. मी त्याला आकडे दाखवले.

"ताई, म्हातारी झाली ती," तो म्हणाला. "मध्येमध्ये डुलकी लागते. मलाही तीन वाजता लागते."

"डुलकी लागली तर उठेल कशी पुन्हा साठावर?"

"चहाच्या वासाने."

मी हसले. मग त्याला म्हटलं, तू बस आत, मी वर जाते. तो अर्धा तास एकटा बसला. एकही शून्य नाही. मग आम्ही दोघं बसलो. नाही. मग तो गेला, मी एकटी राहिले. नवव्या मिनिटाला शून्य.

काप्याने डोकं खाजवलं. "तुमची शाल लोकरीची आहे. लोकरीत वीज साचते. काढून बघा."

शाल बाहेर खुंटीला लावून मी तळघराच्या गारठ्यात बसले. फरक पडला नाही. पण हा विचार त्याने केला याचं मला बरं वाटलं. कारण असू शकतं, फक्त अजून सापडलेलं नाही, या बाजूला निदान दोन माणसं होती.

गुरुवारी मी पेटीला स्पीकर जोडला. डोळ्यांना आकड्यांतली लय दिसत नाही, कानाला चटकन कळते. प्रत्येक कणाला एक टिक. सेकंदाला साठ म्हणजे सलग करकर, कढईत काहीतरी मंद आचेवर तडतडावं तशी. मी दिवा बंद केला आणि ऐकत बसले.

तडतड. तडतड. मग कुणी तोंडावर हात ठेवावा तशी गप्प. पुन्हा तडतड.

गप्प. आणि लगेच पुन्हा गप्प. मग जरा जास्त वेळ तडतड. गप्प, गप्प.

त्या खोलीत एकटीने बसून मी तीस वर्षं काढली होती. त्या दुपारी पहिल्यांदा मी खुर्ची मागे सरकवली, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

४

लय समजून घ्यायची म्हणून मी उलटं केलं. तडतड काढून टाकली आणि जिथे जिथे नळी गप्प झाली होती तिथे एक ठोका टाकला. ते ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर घरी आणलं. ठक-ठक. थोडी जास्त वाट. ठक-ठक. मला त्यातून काही उलगडेना.

सात वाजता लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. बाबा गेल्यापासून रोज करते.

"जेवलीस?"

"अगं, सातला कोण जेवतं?"

"तू नऊलाही जेवत नाहीस, मला माहीत आहे. आई, ये ना इकडे. खोली तयार ठेवलीये मी तुझी. किती वेळा सांगू?"

"अहवाल होऊ दे."

"अहवालानंतर दुसरा अहवाल निघेल."

विषय बदलायचा म्हणून मी म्हटलं, "तुला एक ऐकवते. कामातलंच आहे. कशासारखं वाटतं ते सांग." आणि फोन लॅपटॉपजवळ धरला.

ठक-ठक. ठक-ठक. मला वाटलं, फोन तुटला.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहान झाला होता, "हे कुठे मिळालं तुला?"

"का गं?"

"का काय? बाबा आहेत ना हे. जिना उतरतायत."

ह्यांचा डावा गुडघा अपघातात गेला होता, ती पाच वर्षांची असताना. तेव्हापासून एक पाय टेकला की दुसरा घाईने मागून यायचा.

"मी अंथरुणात पडून ऐकायचे," ती सांगत होती. "आवाज आला की पुस्तक उघडायचं. चार पायऱ्या झाल्या की थांबायचे, आठवतं? गुडघ्यासाठी. मग पुढच्या चार. हे बघ, आत्ताही थांबले."

मी मोजलं. दर चौथ्यानंतर खंड होता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पंचवीस वर्षं मी त्या माणसाबरोबर तो जिना उतरले होते, पण मी नेहमी पुढे असायचे, आणि वळून म्हणायचे, चला ना लवकर.

"जुनं रेकॉर्डिंग सापडलं कुठेतरी," मी म्हटलं.

"मला पाठव ना, आई. प्लीज." ती रडत होती. "पाठवशील ना?"

हो म्हटलं. पाठवलं नाही. काय पाठवणार होते? तो ह्यांचा आवाज नव्हता. कुठलाच आवाज नव्हता. एक नळी जिथे जिथे गप्प झाली होती, तेवढंच होतं ते.

५

दुःखात माणसाला काहीही ऐकू येतं, हे मला कळतं. पंख्याच्या घरघरीत नाव ऐकू येतं, गर्दीत पाठमोरं कुणी दिसतं. लेकीलाही मीच ऐकवलं, तिच्या कानात तेच बसलेलं. शुक्रवारी मी गणित मांडलं. इतकी शून्यं योगायोगाने अशा ओळीत यायची शक्यता किती? उत्तर इतकं लहान आलं की मी कागद उलटा ठेवला.

मग मी उरलेल्या दोन डिटेक्टरांची तीच परीक्षा घेतली. चिप इतकी आरडाओरड करते की तिच्यात कुणी येऊन गेलं तरी पत्ता लागणार नाही. थंडोबा सेकंदाला दोन कण मोजतो. तो आपला आपणच गप्प असतो, त्यात आणखी कोण गप्प करणार? पुटपुटीचंच तेवढं बेताचं होतं. गप्प झाली की कळावं, इतपतच ती बोलत होती.

पुढच्या आठवड्यात थांबणं वाढत गेलं.

पावलं तशीच, चार आणि खंड, चार आणि खंड. पण शेवटी, चालणं संपल्यावर, नळी बराच वेळ गप्प राहायची. सोमवारी दोन सेकंद. मंगळवारी पाच. बुधवारी अकरा. अकरा सेकंद त्या अंधारात काहीही ऐकू आलं नाही. माझा श्वास मी धरून ठेवला होता, आणि मला एकाएकी असं वाटलं की दुसऱ्याही कुणीतरी धरून ठेवलाय.

मी पडदा फाडल्यासारखा बाजूला केला आणि कॉरिडॉरमध्ये आले. सव्वातीन वाजले होते. पाण्याच्या मशीनपाशी दोघी जणी बाटल्या भरत सुट्टीचे बेत करत होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, आत जरा कोंदट होतं.

मला काय झालं होतं ते मला सांगता आलं नसतं. घरी ह्यांच्या फोटोसमोर मी रोज मनात म्हणायचे, एकदा तरी या. आणि इथे, कुणी येत असल्यासारखं वाटलं तर मी पळत सुटले होते.

६

तिसऱ्या आठवड्यात खरी चाचणी: एकच चकती तिन्ही डिटेक्टरनी पाहायची. काप्याने शीतपेटीतून एक काच आणली. वर नुसता आकडा, आमच्याकडे नावं कधीच नसतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या कडेचा तुकडा, एवढंच त्याने सांगितलं.

चिप आणि थंडोबा आम्ही सकाळी दोघांनी मिळून केले. दोन्ही चित्रं सारखी: निरोगी भाग, आणि एका कोपऱ्यात पिवळा ठिपका. शे-दीडशे पेशींचं बेट. चिपवर धूसर, थंडोबावर लख्ख. मग काप्या जेवायला गेला आणि पुटपुटीचं चित्र मी एकटीने घेतलं.

बेट नव्हतं. त्या जागी काळं होतं. निरोगी ऊती दिसली असती तरी समजलं असतं. पण हे नुसतं काळं होतं, किरण त्या जागी पोचला की नळी गप्प व्हायची आणि पुढे सरकला की पुन्हा बोलायची. नेहमीची पुटपुटही तिथे नव्हती. मी चार वेळा घेतलं. चारही वेळा तेच भोक, त्याच जागी.

काप्या परत आला तोवर मी निकाल लिहायला घेतला होता: जुन्या नळीला बेट दिसत नाही.

"असं कसं?" तो वाकून पाहू लागला. "दाणा तिथे आहे."

"दाणा?"

"म्हणजे बेट. थांबा, मी घेतो." त्याने मला बाहेर बसवलं, आत जाऊन स्वतः चित्र घेतलं. बाहेरच्या पडद्यावर ओळीओळीने बेट उमटलं, पिवळंधमक.

तो बाहेर आला. आम्ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहत राहिलो.

"तू दाणा म्हणालास," मी म्हटलं. "ह्या यंत्रावर आपण कुणीच दाणा म्हणत नाही. मीच तेवढी म्हणते, आणि तेही एकाच माणसाबद्दल."

त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"ताई, मास्तरांनी संमतीपत्रावर सही केली होती. दुसऱ्यांदा दाखल झाले तेव्हा. मला बोलावून म्हणाले, माझ्या कडेचा तुकडा ठेवलेला आहे, त्यात दाणा असणारच. चाचणीला तोच घे. ज्या डिटेक्टरला तो दिसेल, तोच वर जाऊ दे."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"त्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, तिला कळलं तर मोजताना हात हलेल तिचा."

माझा हात टेबलावर होता. तो हलत नव्हता. मी त्याच्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"मला माफ करा," काप्या म्हणाला. "खरंच, मला सुचेना काय करावं."

"तू बरोबर केलंस," मी म्हटलं. "आता वर जा. तासभर खाली येऊ नकोस."

"ताई, एकट्या नका बसू."

"एकटी असले तरच ते होतं ना?"

७

माणसाचा डोळाही एक डिटेक्टरच आहे. अंधारात अर्धा तास बसवला तर मोजक्या कणांचा उजेडही त्याला कळतो. मी दिवा बंद करून बसले. लेसर चालू असल्याची खूण म्हणून समोरच्या भिंतीवर एक हिरवा दिवा असतो, टाचणीच्या डोक्याएवढा. नळीपुढच्या गाळणीतून हिरवं आत जात नाही, म्हणून तो चालतो. सुरुवातीला दिसतही नाही. अर्ध्या तासाने मला त्या दिव्यात टेबलाची कड दिसू लागली, माझी बोटं दिसू लागली.

किरण फिरत होते. स्पीकरमधून नळी बोलत होती. आता ती ह्यांच्या ऊतीबद्दल बोलत होती, हे माहीत असून ऐकणं वेगळं होतं. ओळीमागून ओळ, तडतड कमीजास्त होत होती.

तीन वाजून गेले असतील. गप्प-गप्प. पडद्याच्या बाजूने कुणी यावं तशी. मग पुन्हा. चार झाल्यावर खंड. मी घामाने भिजले होते, तळघरात, शालीशिवाय. उठायचं म्हटलं तरी उठता आलं नसतं, कारण दाराकडे जायचं तर त्याच वाटेने जावं लागणार होतं.

पुन्हा चार. मग चालणं थांबलं, आणि यंत्रातून फक्त तेवढ्या एका जागेवर आवाज येईनासा झाला. किरण दाण्यापाशी पोचायचा, गप्प. पुढे जायचा, तडतड. पुन्हा पोचायचा, गप्प.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत हे असंच करायचे. मी खोलीत शिरले की चादर ओढून डोक्याची ती बाजू झाकायचे. मी म्हणायचे, बघू दे. हे म्हणायचे, काय बघायचंय त्यात.

माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवलं नव्हतं. भिंगं जुळवताना हे नेहमी उजेडात उभे राहायचे, आणि मी पंचवीस वर्षं जे म्हणत आले तेच म्हटलं गेलं.

"अहो, सरका ना जरा. दिसत नाहीये मला."

नळी थांबली नाही. किरण दाण्यापाशी आला, आणि तडतड वाढली, चांगली खणखणीत वाढली. पुढच्या ओळीत पुन्हा. त्याच्या पुढच्या ओळीत पुन्हा.

आणि समोरचा हिरवा दिवा गेला.

क्षणभर. मग दिसला. मग पुन्हा गेला, या वेळी जरा जास्त वेळ. माझ्या डोळ्यांची पापणी लवली नव्हती, ते मी आजही शपथेवर सांगेन. दिव्याच्या आणि माझ्या मधून काहीतरी जात होतं, आणि ते जितकं जवळ येईल तितका दिवा जास्त वेळ झाकला जाणार, हे शाळेतल्या मुलालाही कळेल. तिसऱ्यांदा गेला तो आलाच नाही. टेबलाची कड गेली. माझी बोटं गेली. समोर जे होतं त्याला कड होती. एका बाजूला, खूप खाली, खांद्याच्या उतारासारखी, आणि ती बाजू किंचित वाकलेली, डाव्या पायावर भार नको म्हणून वाकावी तशी.

हात पुढे केला असता तर कदाचित. हात मांडीवर होते, आणि आता ते थरथरत होते.

मग दिवा दिसला. स्पीकर शांतपणे तडतडत होता. कुठेही खंड नव्हता.

बाहेर येऊन पडद्यावर पाहिलं. बेट होतं. प्रत्येक पेशी मोजता येत होती. मी मोजल्या. एकशे बेचाळीस.

८

अहवालात मी थंडोबाची शिफारस केली. आकडेही त्याच्याच बाजूने होते. चिपबद्दल लिहिलं: दणकट, पण क्षीण उजेडात अपुरी. जुन्या नळीबद्दल लिहिलं: मोजणीत अधूनमधून खंड, कारण सापडले नाही, रुग्णासाठी वापरू नये. विभागप्रमुख बाईंनी विचारलं, कारण सापडले नाही असं कसं लिहिता, तुम्ही तर कधी तसं लिहीत नाही. मी म्हटलं, या वेळी तसंच आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

दोन महिन्यांनी यंत्र वर थिएटरमध्ये गेलं. पहिल्या शस्त्रक्रियेला मला बोलावलं होतं, पडद्यापाशी बसायला. रुग्ण एक शिक्षिका होत्या. सर्जन म्हणाले, कड स्वच्छ दिसतेय. आम्ही तुकडा यंत्राखाली घातला. पिवळं होतं. फारसं नाही, पण होतं. सर्जननी मान हलवली आणि पुन्हा हात घातला. चौथ्या तुकड्याला पडदा स्वच्छ आला.

बाहेर बाकावर शिक्षिकाबाईंचे यजमान बसले होते, दोघांच्या चपलांची एकच पिशवी मांडीवर धरून. सर्जन त्यांना काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं, एवढं दिसलं. मी जिन्याकडे वळले.

तळघरातली खोली रिकामी झाली होती. टेबलावर यंत्राच्या जागी धुळीचा चौकोन. पुटपुटी मी जपून ठेवली होती. ती जोडली, स्पीकर लावला, पडदा ओढला, दिवा बंद केला. तीन वाजायला पाच मिनिटं होती.

सव्वातीन झाले. साडेतीन झाले. नळी एकसारखी बोलत राहिली. साठ, एकसष्ट, अठ्ठावन्न, साठ. चार वाजले. त्यानंतर मी आठवडाभर रोज बसले. एकही शून्य आलं नाही. गणिताने म्हणाल तर नळी उत्तम होती.

शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, मी त्या अंधाराशी बोलले. तोवर मी कधी असं मुद्दाम बोलले नव्हते.

"मी सरका म्हटलं होतं हो," मी म्हटलं. "जा कुठे म्हटलं होतं?"

नळी तडतडत होती. पडद्यापलीकडे काप्या उभा असावा. किती वेळ, कुणास ठाऊक.

"ताई," तो हळूच म्हणाला, "दिवा लावू?"

"थांब जरा."

तो थांबला. बराच वेळ थांबला. मग मीच म्हटलं, "लाव."